रुग्णवाहिका येईपर्यंत : घरातली पिशवी आणि शिकलेले हात



आपल्या मंडळाच्या सभासद-यादीवर नुसती नजर फिरवली तरी एक गोष्ट ध्यानात येते. बडोद्यातल्या आपल्या बहुतेक घरांत आता दोघेच राहतात. मुलगा पुण्याला किंवा बंगळूरला, मुलगी कॅनडात किंवा ऑस्ट्रेलियात. मुले काळजी घेतात, औषधे ऑनलाइन मागवून देतात, रोज व्हिडिओ कॉल करतात. पण रात्री अडीच वाजता घरात कोणी कोसळले, तर मुलगा पडद्यावर दिसला तरी त्याचे हात तिथे पोहोचत नाहीत. पोहोचतात ते शेजारच्या फ्लॅटमधल्या माणसाचे, आणि तो शेजारीही बहुधा आपल्याच वयाचा असतो.

गुजरातमध्ये १०८ ची मोफत रुग्णवाहिका सेवा २००७ साली सुरू झाली आणि तिने असंख्य जीव वाचवले. परंतु कितीही तत्पर असली तरी गाडीला रस्ता कापावा लागतो. रावपुऱ्याची गर्दी, दांडिया बाजारची वळणे, सोसायटीचे बंद फाटक आणि तिसऱ्या मजल्यावर अडकलेली लिफ्ट या सगळ्यांतून ती येते. तोपर्यंतची पाच-दहा-पंधरा मिनिटे आपली असतात. त्या मिनिटांसाठी दोन गोष्टी लागतात : उचलून नेता येईल अशी भरलेली पिशवी आणि शिकलेले हात. पिशवी बाजारात एका दिवसात तयार होते. हात तयार व्हायला प्रशिक्षण लागते, आणि आपण नेमके तेच पुढे ढकलत आलो आहोत. म्हणून आधी हातांविषयी लिहितो.

शिकायचे म्हणजे काय?

मंडळातल्या आम्ही अठरा जणांनी मिळून प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतले. त्यातले बरेचसे साठी ओलांडलेले. सेंट जॉन ॲम्ब्युलन्स आणि इंडियन रेड क्रॉस सोसायटी या संस्था असे वर्ग घेतात आणि प्रमाणपत्रही देतात. शिवाय भूलतज्ज्ञांच्या पुढाकाराने सर्वसामान्यांसाठी तयार झालेला ‘कॉल्स’ हा छोटा अभ्यासक्रम आहे. त्यात तोंडाने श्वास न देता फक्त छाती दाबून जीव कसा धरून ठेवायचा, हे पुतळ्यावर करून घेतात.

हे वाचून येत नाही. पोहण्याचे पुस्तक वाचून कोणी सूरसागर पार केला नाही. पुतळ्याच्या छातीवर हात ठेवला की पहिल्यांदा कळते, दाब किती खोल लागतो. मोठ्या माणसाची छाती मध्यभागी, उरोस्थीच्या खालच्या अर्ध्या भागावर, किमान ५ सेंटिमीटर आणि फार तर ६ सेंटिमीटर दाबली गेली पाहिजे. तीही मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. आमच्या वर्गात सर्वांत अचूक दाब पडला तो एका बहात्तर वर्षांच्या काकूंचा. कोपरे सरळ ठेवून त्यांनी खांद्यांचा भार हातांवर टाकला, आयुष्यभर परातीतली कणीक मळतात तसा. दंडाच्या जोरावर ढकलणारी तरुण मंडळी पाऊण मिनिटातच धापा टाकू लागली.

तिथेच आणखी एक गोष्ट समजली. आपल्यापैकी अनेकांना गुडघ्यांमुळे जमिनीवर बसता येत नाही. तरी त्यांचे काम संपत नाही. एकाने छाती दाबायची, दुसऱ्याने १०८ ला फोन लावून स्पीकरवर ठेवायचा, तिसऱ्याने पिशवी आणायची, चौथ्याने लिफ्ट धरून ठेवायची आणि पाचव्याने नाक्यावर उभे राहून गाडीला हात करायचा. दाबणाऱ्याने दर दोन मिनिटांनी बदलायचे, कारण थकलेल्या हाताचा दाब उथळ होतो आणि ते थकणाऱ्याला स्वतःला कळत नाही. मोठ्याने आकडे मोजणे आणि घड्याळ पाहणे हेदेखील एक कामच आहे, आणि ते खुर्चीत बसून करता येते.

चार प्रसंग, जे आपल्या घरांत येतात

*माणूस कोसळला आणि हलत नाही.* खांद्यांना हलवून मोठ्याने हाक मारा. प्रतिसाद नाही आणि श्वास नीट चालत नाही, तर हृदय बंद पडले आहे असे धरूनच कामाला लागा. मध्येच घशातून घरघर किंवा आचके आल्यासारखा आवाज येतो. तो श्वास नव्हे, आणि त्यावर फसून लोक थांबतात. हृदय बंद पडल्यावर चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. छाती दाबली गेली नाही, तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटते. बरगडी मोडेल ही भीती खरी आहे, कधी मोडतेही. पण मोडलेली बरगडी जुळून येते.

*छातीत दुखते, पण माणूस शुद्धीवर आहे.* घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, धाप, मळमळ. मधुमेह्यांमध्ये आणि स्त्रियांमध्ये कधी नुसता थकवा आणि अस्वस्थपणा. अशा वेळी चालवत जिन्यावरून खाली आणू नये. भिंतीला टेकून, गुडघे वाकवून बसवावे, कपडे सैल करावेत आणि १०८ ला फोन करावा. ॲस्पिरिनची ॲलर्जी, पोटातला अल्सर किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर साधारण ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायला देतात, पण तेही फोनवरच्या वैद्यकीय व्यक्तीला विचारूनच. जिभेखाली ठेवायची गोळी ज्यांना डॉक्टरांनी लिहून दिली आहे त्यांच्यापुरतीच ठेवावी. रक्तदाब आधीच उतरला असेल तर ती घात करते. ‘शेजाऱ्याला लागू पडली’ हे प्रिस्क्रिप्शन नाही.

*बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले.* हसायला सांगा, दोन्ही हात वर करायला सांगा, एक सोपे वाक्य बोलायला सांगा. तिन्हीपैकी एक जरी जमले नाही तरी पक्षाघात समजावा. गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, म्हणून ‘शेवटचे ठीक केव्हा होते’ ती वेळ कागदावर लिहा. तपासणीनंतर डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात. पाणी, चहा, कोणतीही गोळी तोंडाने देऊ नका. गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय कोणालाच सांगता येत नाही, त्यामुळे ॲस्पिरिनही नाही. ‘सकाळपर्यंत बघू’ हे दोन शब्द या आजारात सर्वांत महाग पडतात.

*साखर उतरली.* मधुमेही माणूस घामाने थबथबला, थरथरतोय, विनाकारण चिडतोय. शुद्धीवर असून गिळता येत असेल तर तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोजची पूड पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि मग काही खायला द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, कुशीवर वळवावे आणि १०८ ला फोन करावा.

आजीचे उपाय आणि आजचे उपाय

आपल्या घरांतले काही उपाय प्रेमाने आले, पण ते सोडले पाहिजेत. भाजल्यावर टूथपेस्ट, शाई, तूप, हळद किंवा बर्फ लावू नये. वीस मिनिटे नळाचे थंड वाहते पाणी, एवढेच. सूज येण्याआधी बांगड्या आणि अंगठी काढून घ्यावी, फोड फोडू नयेत. फिट आल्यावर कांदा किंवा चप्पल हुंगवू नये आणि दातांत चमचा घालू नये. आजूबाजूच्या टणक वस्तू दूर सारून झटका ओसरल्यावर कुशीवर वळवावे, आणि झटका पाच मिनिटांहून लांबला तर गाडी बोलवावी. नाकातून रक्त आले तर मान मागे नव्हे, पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे चिमटीत धरावा. साप चावल्यास दोरी आवळू नये, चिरू नये, चोखू नये. चावलेला अवयव हलू न देता, माणसाला चालू न देता थेट दवाखाना गाठावा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर उतारा म्हणजे इस्पितळातली प्रतिविष लसच. आजी चुकीची नव्हती, तिच्या काळी ती लस हाताशी नव्हती.

आपल्या शहराचा म्हणून एक खास धोका उत्तरायणाचा. मांजा दुचाकीस्वाराच्या गळ्यावर किंवा बोटांवर खोल कापतो. स्वच्छ कापडाने जखमेवर थेट आणि सतत दाब द्या. ‘थांबले का’ म्हणून कापड उचलून पाहू नका. भिजले तर वरून दुसरी घडी ठेवा. गळ्याची जखम असेल तर गळ्याभोवती पट्टी गुंडाळायची नाही, जखमेच्या जागीच दाबायचे आणि श्वासनलिकेवर दाब येऊ द्यायचा नाही. गच्चीवरून पडलेल्याला उचलून बसवायचे नाही, मान हलू न देता गाडीची वाट पाहायची.

ज्येष्ठांच्या पडण्याचेही तसेच. न्हाणीघरात घसरलेल्या माणसाला चौघे मिळून उभे करतात, आणि खुब्याचे हाड मोडले असेल तर ते सरकते. आधी विचारा, कुठे दुखते. पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसला तर हलवू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि डोक्याला मार लागला असेल, तर माणूस हसत-बोलत असला तरी दवाखान्यात न्यावेच. आतला रक्तस्राव काही तासांनी डोके वर काढतो.

या बाबतीत आपल्या गावाची परंपरा मोठी आहे. जुम्मादादा व्यायाममंदिराचे राजरत्न प्रोफेसर माणिकराव व्यायामाचे आचार्य होतेच, पण निखळलेले सांधे आणि मोडलेली हाडे यांवरील उपचारांसाठीही त्यांची ख्याती होती. जिथे खेळ तिथे दुखापत, आणि जिथे दुखापत तिथे जाणता माणूस हजर हवा, ही समज आपल्या शहरात जुनीच आहे. हाड बसवणे जाणत्याचे काम. ते पोहोचेपर्यंत हलू न देणे हे आपले.

आता पिशवी

बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि दोन माणसे आल्याशिवाय ती उघडत नाही. या पिशवीला एकही किल्ली नको. कपाटात कुलूपबंद ठेवलेली पिशवी नसल्यासारखीच. दाराजवळच्या खुंटीवर, पाहुण्यालाही दिसेल अशी लाल किंवा केशरी पिशवी टांगावी. वजन एवढेच असावे की घरातली सर्वांत अशक्त व्यक्ती ती उचलून जिना उतरू शकेल. आत पुढील वस्तू असाव्यात :

- निर्जंतुक गॉजचे चौकोन, कापसाचा रोल, दोन क्रेप बँडेज, चिकटपट्टी, तयार पट्ट्या
- त्रिकोणी पट्टी किंवा धुतलेले सुती उपरणे. हात गळ्यात अडकवायला हेच सर्वांत उपयोगी
- बोथट टोकाची कात्री, चिमटा, सेफ्टी पिन, हातमोजांच्या चार जोड्या
- जखम धुण्यासाठी सलाइनची छोटी बाटली आणि जंतुनाशक
- ओआरएसची चार पाकिटे, ग्लुकोजची पूड, थर्मामीटर. मधुमेही घरात ग्लुकोमीटर आणि पट्ट्या
- पॅरासिटामॉल, आणि आपापल्या नेहमीच्या औषधांचा किमान सात दिवसांचा साठा
- टॉर्च, जादा सेल, पॉवर बँक, शिट्टी

ओआरएस नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. प्रमाण चुकले तर अपाय होतो, म्हणून चमचा पिशवीतच ठेवावा. इन्शुलिन पिशवीत कायम ठेवायचे नाही; ते फ्रिजमध्येच, पण बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. वीज गेली किंवा घर सोडावे लागले तर ओल्या कापडात गुंडाळलेल्या मातीच्या भांड्यात, औषधाला पाणी लागणार नाही असे ठेवावे. बडोद्याच्या मे महिन्यात हा उपाय आम्हांला फार उपयोगी वाटतो.

पिशवीतला सर्वांत महत्त्वाचा कागद औषध नव्हे. एका जाड कागदावर नाव, वय, रक्तगट, आजार, चालू औषधे मात्रेसह, कशाची ॲलर्जी, डॉक्टरांचा आणि दोन नातेवाइकांचा फोन, शिवाय घराचा पत्ता खुणेसह, मोठ्या अक्षरांत. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या सोसायटीचे नाव आठवत नाही. ‘गणपतीच्या देवळासमोर, डावीकडची दुसरी गल्ली’ हे गुजरातीत किंवा हिंदीत लिहून फोनशेजारीही चिकटवावे, म्हणजे मोलकरीणबाईसुद्धा १०८ ला नेमके सांगू शकेल. १०८ लागत नसेल तर ११२ हा देशभरचा क्रमांक आहे.

पूर येतो तेव्हा

३१ जुलै २०१९ ला आपल्या शहरात एका दिवसात जवळपास ५०० मिलिमीटर पाऊस पडला. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री पुन्हा पात्राबाहेर आली, अनेक वस्त्या काही दिवस पाण्यात राहिल्या, मगरी रस्त्यांवर दिसल्या. अशा वेळी कोणतीही गाडी दारात येत नाही. ‘रुग्णवाहिका येईपर्यंत’ याचा अर्थ मिनिटे न राहता दिवस होतो. म्हणून तळमजल्यावर राहणाऱ्यांनी जूनच्या आत पिशवीला एक जोड तयार करावी : माणशी दिवसाला तीन-चार लिटर याप्रमाणे पिण्याचे पाणी, कोरडा खाऊ, थोडी रोख रक्कम सुट्या नोटांत, आधार आणि विम्याच्या कागदांच्या प्रती पाणी न शिरणाऱ्या थैलीत, चष्म्याची आणि श्रवणयंत्राच्या सेलची जादा जोडी. एटीएम पाण्यात असते तेव्हा मोबाइलमधले पैसे दिसतात पण मिळत नाहीत, हे आम्ही बँकवाले खात्रीने सांगू शकतो.

ताळा करायचा कधी?

बँकेत संध्याकाळी कॅश जुळल्याशिवाय कोणी घरी जात नसे. पिशवीचा ताळा वर्षातून दोनदा पुरे : गुढीपाडव्याला आणि दसऱ्याला. पाडव्याला उन्हाळा आणि पुढे पावसाळा समोर असतो, दसऱ्याला पावसाळ्यात वापरलेले भरून काढायचे असते. मुदत संपलेली औषधे बाजूला काढा, सेल बदला, आजाराच्या कागदावरची नवी गोळी लिहा. प्रशिक्षणाचीही उजळणी हवी, दर दोन वर्षांनी तरी. दाबाची लय हात विसरतात. सप्टेंबरचा दुसरा शनिवार जागतिक प्रथमोपचार दिन म्हणून पाळला जातो, आणि गणेशोत्सवाच्या सुमारास तो येतो, हा आपल्याला सोयीचा योग आहे.

मदत करायला घाबरू नये

‘रस्त्यावर पडलेल्याला हात लावला तर पोलिसांच्या फेऱ्या’ ही भीती अजून अनेकांच्या मनात आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना मान्यता दिली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. अपघातग्रस्ताला सद्भावनेने, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत करणाऱ्यावर त्यासाठी दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि त्याला नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही. आपल्या मुलांना आणि नातवंडांना हे जरूर सांगा. उद्या रस्त्यावर पडलेला माणूस आपल्यापैकी कोणी असू शकतो.

मंडळाने काय करावे?

आमची सूचना साधी आहे. आपले सभासद जिथे राहतात त्या प्रत्येक इमारतीत किंवा गल्लीत निदान दोन माणसे प्रशिक्षित असावीत. एक ज्येष्ठ, जे दिवसा घरी असतात, आणि एक तरुण, जे रात्री असतात. सभागृहात एक मोठी पिशवी रंगमंचाच्या डाव्या दाराशी असावी आणि तिची जागा प्रत्येक कार्यक्रमाच्या सुरुवातीला निवेदकाने एका वाक्यात सांगावी. गणेशोत्सवात, कोजागरीला, नाटकाच्या प्रयोगाला दोनशे-तीनशे माणसे जमतात, त्यात निम्मी आपल्या वयाची असतात. कोणी खुर्चीतून घसरले तर ‘डॉक्टर आहेत का कोणी?’ अशी हाक देऊन सगळे एकमेकांकडे पाहत राहतात. तिथे पाच माणसांना आपापले काम ठाऊक असले पाहिजे.

पुढचा वर्ग घ्यायचा तर किमान पंधरा-वीस नावे हवीत. ज्यांना यायचे आहे त्यांनी कार्यालयातील नोंदवहीत नाव, वय आणि इमारत लिहावी. गुडघे दुखतात म्हणून नाव मागे घेऊ नये. घड्याळ पाहणाऱ्याची आणि नाक्यावर उभे राहणाऱ्याची जागा अजून रिकामी आहे. मुले दूर आहेत त्यांनी हा लेख मुलांना पाठवावा, म्हणजे पुढच्या सुट्टीत ती आली की पिशवी भरायला तीही हात लावतील.